मडकं भरलं नाही, पण संपलंही नाही

‘देव देईल’ हे दोन शब्द आपल्या घरात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, मैत्रिणींनो, कधी लक्ष दिलंय? उधारी मागायला आलेल्या दुकानदाराला सांगायला हे शब्द उपयोगी पडतात. चार महिने कामावर न गेलेला नवरा खाटेवर पडल्या पडल्या तेच म्हणतो. आणि डब्याच्या तळाशी खरवडून शेवटचं पीठ काढणारी बाईही तेच म्हणते. शब्द एकच, पण म्हणणारा कोण आणि त्या म्हणण्याची किंमत कोण मोजतंय, याच्यावर सगळं अवलंबून असतं. बहुतेक वेळा किंमत मोजणारी चुलीपाशी असते.

आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. माझ्या सासरी तीन पिढ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. सासूबाई मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या. मी घर सांभाळून गेली सोळा वर्षं बचत गटांचं काम करते. गटात सगळ्या जातीधर्मांच्या बाया आहेत. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून भेटतो. रविवारी उपासनेत ऐकते की उद्याची चिंता करू नका, आणि सोमवारी गटात बायांना सांगते की महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाका, उद्याचं काय सांगता येतंय! एकदा एका शेजारणीनं मला हसत विचारलंही, “वहिनी, तुमचा येशू एक सांगतो आन् तुम्ही दुसरंच. खरं कुणाचं धरायचं?”

प्रश्न चेष्टेचा होता, पण वाटतो तेवढा सोपा नव्हता.

येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत पोटापाण्याचं एकच मागणं आहे, रोजच्या भाकरीचं. मराठी बायबलात तिथे ‘भाकर’ हाच शब्द आहे. पाव नाही, पोळी नाही, पक्वान्न तर नाहीच. ज्यांनी हा शब्द निवडला त्यांना आपल्या मुलखाची चूल माहीत होती असं मला नेहमी वाटतं. मागणंही आजच्यापुरतंच. वर्षाचं धान्य भरून दे, असं नाही. जुन्या करारात इस्राएल लोक चाळीस वर्षं रानात फिरत होते, तेव्हा त्यांना रोज सकाळी मान्ना मिळायचा. लागेल तेवढाच गोळा करायचा. ज्यांनी लबाडीनं दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, वास सुटला. पण याच गोष्टीत आणखी एक तपशील आहे आणि तो उपदेशात क्वचित ऐकू येतो. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, कारण सातवा दिवस विसाव्याचा. तो ठेवलेला मान्ना खराब झाला नाही. म्हणजे साठवण वाईट असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. भीतीपोटी केलेला साठा आणि विचारानं केलेली तरतूद यात फरक केलाय. त्या शेजारणीला मी हेच सांगितलं. तिला कितपत पटलं कोण जाणे, पण पुढच्या महिन्यापासून तिचे दोनशे रुपये वेळेवर येऊ लागले.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातली एक शिवणकाम करणारी बाई दुपारच्या वेळी घरी आली. नवरा वारलेला, मुलगी बारावीला. गावाबाहेर मांडव घालून तीन दिवस सभा चालू होत्या. बाहेरून आलेला एक प्रचारक तिथे सांगत होता की जो देवाच्या कामात बी पेरील त्याला दहापट पीक मिळेल. त्यानं सारफथच्या विधवेची गोष्ट सांगितली होती. हिच्याकडे मुलीच्या फीचे पाच हजार रुपये जमले होते. मला म्हणाली, “वहिनी, देऊन टाकू का? भरवसा नाही म्हणून तर माझं अडत नसंल ना?”

मला त्या प्रचारकाचा राग आला, पण रागानं तिचं उत्तर मिळणार नव्हतं. सासूबाई आत लसूण सोलत होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली, “ये गं इकडं. ती गोष्ट मला सांग बरं, जशी त्यानं सांगितली तशी.”

ज्या वाचकांना ती गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुष्काळ पडलेला. एलिया नावाचा संदेष्टा सारफथ गावी येतो. वेशीपाशी एक विधवा काटक्या गोळा करताना दिसते. तो तिच्याकडे पाणी आणि भाकरीचा तुकडा मागतो. ती सांगते, मडक्यात मूठभर पीठ आहे आणि कुपीत थोडंसं तेल. दोन काटक्या नेते, माझ्यासाठी आणि मुलासाठी शेवटचं रांधते, ते खाऊ आणि मग मरू. एलिया म्हणतो, भिऊ नकोस, आधी मला एक लहान भाकर करून दे. ती देते. आणि दुष्काळ सरेपर्यंत त्या मडक्यातलं पीठ संपत नाही की कुपीतलं तेल आटत नाही.

बाईनं गोष्ट सांगितली. सासूबाई म्हणाल्या, “आता मला सांग, एलिया भाकर खाऊन कुठं गेला?”

ती गप्प.

“कुठं गेला नाही. तिच्याच घरी राहिला. तिच्याच मडक्यातलं खाल्लं, रोज. दुष्काळ तिच्याबरोबर काढला. हा तुझा पाहुणा परवा सकाळी गाडीत बसून जाणार. आन् दुसरं, मडकं भरलं असं लिवलंय का कुठं? भरलं नाही. संपलं नाही, एवढंच लिवलंय. दहापट कुठनं काढलं त्यानं?”

मी मराठी घेऊन बी.ए. झाले. गोष्टीतला अर्थ कसा काढायचा हे मला प्राध्यापकांनी शिकवलं, पण ही ओळ मी कितीदा वाचूनही अशी वाचली नव्हती. भरलं नाही, संपलं नाही. त्या विधवेला दर सकाळी मडक्यात हात घालताना तळच लागत असणार. रोज आजच्यापुरतं. श्रीमंत ती कधीच झाली नाही. तिचं पोर दुष्काळात भुकेनं मेलं नाही, हेच तिला मिळालं.

तिनं फी भरली. रविवारी अर्पणाच्या थाळीत पन्नास रुपये टाकले. मुलगी आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

हे सगळं लिहिताना मला पंडिता रमाबाईंची आठवण येतेच. आपल्या महाराष्ट्रात देवाच्या भरवशावर राहण्याचा एवढा मोठा प्रयोग दुसऱ्या कुणा बाईनं केल्याचं मला माहीत नाही. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याविषयी चार ओळी वाचतो, शारदा सदन आणि केडगाव. पण त्यांचा भरवसा कुठून आला ते पाहिलं की अंगावर काटा येतो. १८५८ साली जन्मलेली ही मुलगी. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला. कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते सगळं गेलं, दागिने, भांडी, कपडे. रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय की मोलमजुरी करायची सवय नव्हती, भीक मागायची लाज वाटायची, आणि रानात पाला खाऊन दिवस काढायची पाळी आली. त्या काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. राहिले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे १८८० मध्ये भाऊही गेला, आणि लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्यानं गेले. कडेवर मनोरमा होती, वर्षाची सुद्धा झाली नव्हती.

आता सांगा, अशा बाईनं ‘देव पुरवतो’ म्हणावं ते कोणत्या तोंडानं? तिच्या डोळ्यांदेखत घरचे उपाशी गेले होते. म्हणून मला तिचा भरवसा खरा वाटतो. पोट भरलेल्या माणसानं मांडवात सांगितलेला तो भरवसा नव्हे.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षं मदत करायची हमी दिलेली होती. ती दहा वर्षं सरत आली, त्याच सुमारास १८९६ चा दुष्काळ पडला. कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता की आता हात आखडता घ्या. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. रस्त्याकडेला टाकलेल्या, विकायला काढलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या. पुण्यात प्लेग आलेला, त्यामुळे त्यांना तिथे ठेवता येईना. तेव्हा केडगावला आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्यांना नेलं. तेच पुढे मुक्ती सदन झालं. १९०० च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. दोन हजार ताटं, दिवसातून दोनदा! आपल्याकडे लग्नाला पाचशे माणूस म्हटलं तरी आचारी कपाळाला हात लावतो.

पण ती केडगावची जमीन. ती कशासाठी घेतली होती माहितेय? फळबागेसाठी. संत्री, लिंबू, आंबा लावायचा आणि सदनाचा खर्च त्यावर काढायचा, कुणाच्या देणगीवर बसायचं नाही. विहिरी खोदल्या. मुक्तीत आलेल्या प्रत्येकीला हाताला काम शिकवलं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, शेती, गाईगुरं, छापखाना. मजुरीची लाज वाटल्यानं ज्या मुलीचं घर उपासमारीच्या काठाला गेलं होतं, तिनं आपल्या दोन हजार मुलींपैकी एकीलाही ती लाज वाटू दिली नाही. त्यांनी बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत करायला घेतलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणाऱ्या, छपाई करणाऱ्या मुक्तीतल्याच मुली. ते भाषांतर रमाबाई गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये संपूर्ण छापून निघालं. स्वतःसाठी या बाईला काय लागायचं? पांढरं सुती लुगडं आणि शाकाहारी जेवण. ख्रिस्ती झाल्या, परदेश पाहिला, तरी शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.

रमाबाईंनी आपल्या साक्षीत ज्या पुस्तकांचा परिणाम झाल्याचं सांगितलंय त्यात जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र आहे. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात १८३६ पासून अनाथ मुलांसाठी घरं चालवणारा हा माणूस. हयातीत दहा हजारांवर मुलं सांभाळली. कुणा माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही, फक्त प्रार्थना करायची, असा त्याचा नेम. सकाळी टेबलावर रिकामी ताटं मांडून प्रार्थना केली आणि दारात पाववाला उभा, ही त्याची गोष्ट आमच्या संडे स्कूलमध्ये पोरांना तोंडपाठ असते. पण हाच म्यूलर आलेल्या पैन् पैचा हिशेब ठेवायचा, पावती द्यायचा, दरवर्षी जमाखर्च छापायचा, हे पोरांना कुणी सांगत नाही. मला तर रिकाम्या ताटांपेक्षा तो छापलेला जमाखर्च जास्त आवडतो. गटाची वही लिहिताना मी बायांना सांगते, हे पण भक्तीचंच काम आहे, खाडाखोड करू नका.

आता थोडं घरातल्या घरात बोलते. साधं राहणं आणि देवावर सोडणं यात पुरुषांची एक तऱ्हा असते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आम्हाला कॉलेजात होतं. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत आलं. तुमच्यापैकी कित्येकींनी वाचलं असेल. नसेल तर गावच्या वाचनालयात नक्की मिळेल, मागून घ्या. रेव्हरंड टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे. पैसा त्यांच्या हातात टिकायचा नाही, समोरच्याला लागेल ते देऊन टाकायचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर तुटलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या, आणि पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या मनानं त्याही ख्रिस्ती झाल्या. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि संन्यास घेतला. लोक त्यांच्या त्यागाबद्दल आदरानं बोलतात, बोलायलाच हवं. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझ्या मनात दुसराच हिशेब चालू असायचा. यांनी देऊन टाकलं, मग त्या दिवशी घरात काय शिजलं? लक्ष्मीबाई तक्रार करत नाहीत, हसवतात. ते हसणं वाचून मला कधी कधी रडू आलंय.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. घरात साधेपणा आणायचा असेल तर तो दोघांनी बसून ठरवावा. एकानं त्याग करायचा आणि दुसरीनं त्याचा खर्च सोसायचा, हे चालणार नाही. आमच्याकडे नाताळचा खर्च दरवर्षी वाढत होता. करंज्या, चकल्या, केक, घरातल्या सगळ्यांना नवे कपडे, त्यात रोषणाई. ह्यांनी एके वर्षी फर्मान काढलं की यंदा साधा नाताळ. मी विचारलं, साधा म्हणजे काय कमी करायचं? तर ह्यांच्या मनात फराळ घरी करायचा होता, विकतचा आणायचा नाही! म्हणजे पैसे वाचणार आणि माझी कंबर जाणार. मग बसून यादी केली. रोषणाई गेली, ह्यांचा आणि माझा नवा कपडा गेला, फराळाचे दोनच प्रकार ठेवले आणि चकलीच्या सोऱ्यावर ह्यांना बसवलं. छान झाला नाताळ.

कर्जाचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आज गावोगावी आठवड्याच्या हप्त्यानं कर्ज देणारे फिरतात. लग्न, बारसं, मोबाईल, सणवार, कशालाही. एकीचा हप्ता भरायला दुसरं कर्ज, त्यासाठी तिसरं. बायबलमध्ये आणखी एक विधवा आहे, अलीशाच्या काळातली. नवरा कर्ज ठेवून मेला आणि सावकार तिच्या दोन पोरांना गुलाम म्हणून न्यायला आलाय. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, एक तेलाची कुपी. मग शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. सगळी भांडी तेलानं भरतात. आणि मग तो म्हणतो, जा, तेल विक, आधी कर्ज फेड, उरेल त्यावर पोरांना घेऊन जग. चमत्कार झाला तरी तेल विकायला बाजारात तिलाच जावं लागलं. भांडी दिली शेजारणींनी. कर्जात बुडालेली बाई आली की मीही हाच क्रम धरते. घरात काय आहे? शेजारीपाजारी कोण आहे? आजारपण असेल तर मी म्हणते, प्रार्थना आपण दोघी करू, पण उद्या सकाळी रेशनकार्ड आणि आधार घेऊन ये, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का बघू.

मिझोराममधल्या ख्रिस्ती बायांची एक रीत मला फार आवडते. तिथे शंभर वर्षांहून अधिक काळ घराघरात स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ बाजूला ठेवतात. मंडळीतल्या बाया तो गोळा करतात, विकतात आणि त्यावर चर्चची कामं चालतात. पैसा हातात नसलेल्या बाईलाही देता यावं, ही त्यातली गंमत. आपल्याकडच्या जुन्या बायांनाही मूठ बाजूला टाकायची सवय होतीच की.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या बावीस घरांनी हे सुरू केलं. तांदूळ किंवा बाजरी, जे घरात असेल ते. मूठ साधारण चाळीस ग्रॅमची धरली तर दोन वेळेचे आठवड्याला एका घराचे अर्धा किलोच्या वर होतात. बावीस घरांचे बारा किलो. महिन्याला पन्नास किलोची गोणी. आम्ही विकत नाही, चार घरांना देतो. ती घरं कोणती हे मी, पाळकसाहेबांच्या बाई आणि आणखी एक जण, अशा तिघींनाच माहीत. सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं, आपल्याच लोकांना द्यायचं ना? सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “सारफथची बाई एलियाच्या जातीची होती का गं?” तो विषय तिथंच मिटला. चारातली दोन घरं ख्रिस्ती नाहीत.

एक गोष्ट आम्ही नंतर शिकलो. ज्यांना धान्य जातं त्यातल्या एका आजींनी निरोप पाठवला की माझ्याकडचाही डबा घेऊन जात जा. आलेल्या बाजरीतून त्या रोज मूठ काढून ठेवत होत्या. पाळकसाहेबांच्या बाईंना वाटलं, नको म्हणावं, त्यांनाच पुरत नाही. सासूबाई म्हणाल्या, घ्या. तेव्हापासून घरं तेवीस झालीत.

यंदा पावसाळ्यात तांदळाला टोके झाले. आता जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला वाटप करायचं ठरलंय, डब्यात कडुनिंबाचा पाला घालायचा, आणि बाजरी ओलसर असेल तर आधी उन्हात घालून मगच गोणीत.